भामाबाईंची साखर कुणी वाढवली?

"सिस्टर, पळा! म्हातारी बोलंना!"

साखराबाईंची हाक ऐकून सत्यशीलाबाई धावतच वॉर्डात शिरल्या. साखराबाईंच्या शेजारच्या खाटेवर भामाबाई घामानं निथळत होत्या. सत्यशीलाबाईंनी बोटाला शुगरचं मशीन लावलं. सकाळी चारशेच्या घरात असलेली साखर आता पार तळाला गेली होती. शिरेतून ग्लुकोज गेलं, म्हातारीनं डोळे उघडले, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

पण असं झालंच कसं?

युसूफ वडगाव या गावातल्या त्या लहानशा दवाखान्यात सकाळची साखर जिनतनं तपासली होती. जिनत नर्सिंग सहायकाच्या कोर्सची मुलगी. तिच्या प्रात्यक्षिकाचा हा शेवटचा आठवडा होता. सत्यशीलाबाईंची सही झाली की प्रमाणपत्र मिळणार, नाहीतर वर्ष पाण्यात.

डॉक्टर आदिनाथांनी निकाल लावूनही टाकला. "सकाळचा आकडाच चुकीचा होता. त्यावर मी इन्सुलिन सांगितलं. पोरीनं दुसऱ्याच कुणाची साखर सांगितली असणार. तिला आजच घरी पाठवा."

"जरा दम धरा साहेब. मी बघते."

सत्यशीलाबाई असं म्हणाल्या खऱ्या, पण त्यांच्याही मनात पहिलं नाव जिनतचंच आलं होतं. वर्षानुवर्षं शिकाऊ पोरी पाहिलेल्या बाई त्या. चूक झाली की नव्या पोरीकडे बोट दाखवायची सवयच लागते.

जिनत औषधांच्या कपाटापाशी भिंतीला टेकून उभी होती.

"रक्त भामाबाईंचंच घेतलंस?"

"त्यांचंच. नाव इचारलं, मंगच सुई लावली."

"कोणत्या हाताचं?"

"उजव्या. डाव्या हाताला सलाईन हुतं."

"बोट पुसलंस?"

"स्पिरिटनं पुसलं. तुमी सांगितलेलं तसंच."

"कधी?"

"पूजा झाल्या झाल्या. तुमी म्हणलात, आता पटापट साखरा तपास."

त्या दिवशी खंडेनवमी होती. कुणी नांगर पुजतं, कुणी रिंच-पाने. दवाखान्यात बीपीचं मशीन, वजनकाटा, कात्र्या, सगळ्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. शुगरच्या मशीनवरही हळदीकुंकवाचा ठसठशीत टिळा होता.

मशीनमध्ये कुंकू गेलं असेल? सत्यशीलाबाईंनी साबणानं हात धुतले आणि स्वतःच्याच बोटाला सुई टोचली. आकडा अगदी नेहमीचा आला. मशीन निर्दोष होतं. इंजेक्शन जास्त गेलं म्हणावं, तर तेही शक्य नव्हतं. ते त्यांनी स्वतः दोनदा तपासून दिलं होतं.

त्या परत वॉर्डात गेल्या. भामाबाई डोळे मिटून पडल्या होत्या.

"साखराबाई, सकाळी पूजेनंतर ह्यांनी काय खाल्लं?"

"काय बी न्हाई. परसादाचा पेढा बी न्हाई खाल्ला. साखरंचं दुखणं ना! पन परसाद टाकायचा तरी कुटं? नातवासाठी मुठीत धरून बसल्या. पार लगदा झाला त्याचा."

"ती पोरगी रक्त घ्यायला आली, तेव्हा?"

"तवा उजव्या हातातला डाव्या हातात घेतला. त्यात काय!"

सत्यशीलाबाईंनी पूजेच्या ताटातला पेढा घेतला आणि मुठीत दाबत डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. जिनतही मागोमाग आली.

"जिनत, माझं बोट पुस. सकाळी पुसलंस तसंच."

जिनतनं स्पिरिटचा बोळा फिरवला, सुई टोचली. मशीनवरचा आकडा पाहून डॉक्टर ताडकन उभे राहिले. तीनशेच्या वर! सत्यशीलाबाईंनी साबणानं हात धुतले, पुन्हा तपासायला लावलं. साखर नेहमीसारखी.

"ही साखर रक्तातली नव्हती साहेब, बोटावरची होती," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "पेढ्याची साखर स्पिरिटच्या एका बोळ्यानं निघत नाही, हात धुवावे लागतात. पोरीनं मशीनवर दिसलं तेच सांगितलं, तुम्ही त्याप्रमाणे औषध दिलंत. आता गुन्हेगार कोण ते ऐका. तपासणीआधी पेशंटच्या हातावर पेढा ठेवला मी. गर्दी आहे, हात धुवत बसू नको, स्पिरिट पुरे, असं हिला शिकवलं तेही मीच."

जिनतनं मान खाली घालून सांगितलं, "कोर्सात हात धुवायलाच शिकवलं हुतं, सिस्टर. मी काल एकीला बेसिनकडं नेलं, तर तुमी सगळ्यांपुढं झापलं. मला तुमची सही पायजे हुती."

सत्यशीलाबाईंना तिच्याकडे बघवेना. चांगली शिकाऊ पोरगी म्हणजे सांगितलेलं मुकाट्यानं ऐकणारी, हे त्यांनीच ठरवलं होतं. त्याची किंमत म्हातारीच्या जिवानं द्यायची वेळ आली होती.

"झालं ते झालं," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले. "मशीन बिघडलं होतं म्हणू. बाहेर भामाबाईंचे चिरंजीव अर्जुनराव तापलेत. राजकारणातला माणूस, उगाच दवाखान्याचं नाव खराब करेल."

"मशीन बिघडलं म्हटलं, तरी ते ह्या पोरीच्याच हातात होतं साहेब."

त्या बाहेर आल्या. अर्जुनराव ओसरीत येरझारा घालत होता.

"कोन ती पोरगी सिस्टर? तिचं नाव सांगा फकस्त!"

"ती नाही, अर्जुनराव. मी." आणि त्यांनी पेढ्यापासून इन्सुलिनपर्यंत सगळं सांगितलं, एक शब्दही न लपवता.

अर्जुनराव ओरडेल, अंगावर येईल, असं त्यांना वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तो येरझारा थांबवून बाकावर बसला.

"सकाळी इंजेक्शन द्यायला दुसरी बाई आलती," तो म्हणाला. "आईनं तिला परत धाडलं. म्हनली, सत्यशीलाबाईच्या हातचंच घेईन, मंग मला भ्या न्हाई."