कानवाले सर

"सिस्टर, इथे थोडी शांतता मिळेल का?"

दारात उभ्या असलेल्या माणसाने हे इतक्या गंभीरपणे विचारलं, की मला हसू आवरेना. खांद्याला अडकवलेली जड काळी पेटी, कपाळावर घाम, आणि त्याच्या मागे व्हरांड्यात मधल्या सुट्टीचा नुसता कल्लोळ.

"शाळेत? शांतता?" मी म्हटलं. "तेवढी सोडून काहीही मागा. मलम, पट्टी, गरम पाण्याची पिशवी…"

तोही हसला. हसताना त्याचा एक गाल जरा जास्त वर जायचा. हे तेव्हाच माझ्या का लक्षात यावं, कोण जाणे.

आरोग्य विभागाकडून तो मुलांचे कान तपासायला आला होता. सरकारी शाळांतली पहिली आणि सातवीची मुलं तपासायची, काम संपलं की पेटी उचलून पुढच्या शाळेत. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, त्याला आधी ग्रंथालय दाखवलं, मग प्रयोगशाळा. दोन्हीकडे भिंतीपलीकडे वर्ग. शेवटी कुणाला तरी सिक रूम आठवली. इमारतीच्या अगदी टोकाची, पत्र्याच्या छपराची ती माझी खोली. दोन कॉट, वजनकाटा, औषधांचं कपाट आणि मी, शाळेची नर्स.

पंखा बंद करावा लागेल, असं त्याने सांगितलं. मी म्हटलं, कॉटवर एक मूल तापाने झोपलंय, त्याची आई येईपर्यंत पंखा चालूच राहील. मला वाटलं, आता साहेबी दाखवेल. पण तो पेटी घेऊन बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. आई आली, मूल कडेवर घेऊन गेली, तेव्हाच आत आला. माझं मन तिथेच थोडं सरकलं असावं.

मग आम्ही खिडक्यांना ब्लँकेटं लावली. मुलं एकेक करून येत, मोठे हेडफोन घालून खुर्चीत बसत. मशीनमधून अगदी बारीक आवाज यायचा आणि तो ऐकू आला की मुलाने हात वर करायचा. तपासणी चालू असताना कुणी शब्द काढायचा नाही, खुर्ची सरकवायची नाही, शिंकायचंसुद्धा नाही. पहिल्याच दिवशी मुलांनी त्याचं बारसं केलं… कानवाले सर.

दिवसभर एका खोलीत बसायचं आणि बोलायचं नाही, हा काय प्रकार असतो ते मला तेव्हा कळलं. त्याने भुवई उंचावली की पुढचं मूल आणायचं. दोन बोटं हलवली की दार लोटायचं. हळूहळू त्याच्या मनगटावरचा जुना व्रण मला पाठ झाला. एखादं मूल ऐकू न येताच मला खूश करायला हात वर करायचं, तेव्हा आमची नजरानजर व्हायची आणि दोघंही ओठ दाबून हसू गिळायचो. पंख्याशिवाय ती खोली म्हणजे भट्टी होती. तरीही संध्याकाळी घरी जाताना उद्याची वाट बघावीशी वाटायची.

वहिनीच्या डोळ्यांतून काही सुटत नाही. भात वाढता वाढता तिने विचारलं, हल्ली साडीची इस्त्री फार कडक असते, शाळेत तपासणी चालू आहे का. मी म्हटलं, हो, कानांची. "बरं," ती म्हणाली, "मला वाटलं काळजाची."

एका दुपारी पाऊस कोसळला. पत्र्यावर असा ताशा वाजायला लागला की तपासणी शक्यच नव्हती. मुलं वर्गात पाठवून दिली आणि आम्ही दोघं रिकाम्या खुर्च्यांवर बसलो. बोलायचं तर जवळ सरकून, जवळजवळ ओरडूनच बोलावं लागत होतं. त्याने सांगितलं, त्याची धाकटी बहीण जन्मापासून ऐकू शकत नाही. ती सहा वर्षांची होईपर्यंत घरातले सगळे तिला हट्टीच समजत होते. म्हणून तो या कामात आला. मग त्याने माझ्याबद्दल विचारलं. मी म्हटलं, माझ्यात सांगण्यासारखं काही नाही. वडील गेले, आई, दादा, वहिनी आहेत, आणि दर दोन-तीन महिन्यांनी एक स्थळ येऊन चहा पिऊन जातं.

"आणि तुम्ही?"

"मी चहा करते."

"तसं नाही… तुम्हाला कुणी आवडलं नाही का त्यांच्यातलं?"

पाऊस अचानक ओसरला. माझं "नाही" त्या शांततेत केवढं तरी मोठं ऐकू आलं. त्याने मान खाली घालून मशीनची वायर उगाच पुन्हा गुंडाळली.

शेवटच्या दिवशी मी त्याला चौथीतल्या एका मुलीबद्दल सांगितलं. ही मुलगी आठवड्यातून एकदा तरी पोट दुखतं म्हणून माझ्याकडे यायची. पोटाला काही झालेलं नसायचं. वर्गात लक्ष नाही, विचारलं एक की सांगते भलतंच, म्हणून बाईंनी तिला शेवटच्या बाकावर बसवलेलं. मला तिच्या कानांचा संशय होता. त्या दिवशीही ती पोट धरून कॉटवर येऊन बसली होती. मी त्याला म्हटलं, हिलाही एकदा बसवा खुर्चीत.

तो म्हणाला, चौथी नियमात बसत नाही. ठरवून दिलेल्या वर्गांपलीकडे एकही मूल तपासायचं नाही, असा लेखी आदेश आहे. मागे एकाला त्यावरून घरी बसवलं होतं. मी "बरं" म्हटलं. पण माझा चेहरा वेगळंच बोलला असणार. तिला वर्गात परत सोडायला निघाले, तर मागून पेटीचे खटके उघडल्याचा आवाज आला. बांधून ठेवलेलं मशीन तो पुन्हा बाहेर काढत होता.

मुलगी खुर्चीत बसली. मी तिच्यासमोर उभी राहिले. मशीनचा आवाज तो वाढवत गेला, वाढवत गेला… बराच वेळ मुलीचे हात मांडीवर तसेच. ती माझ्याकडे बघत होती, आपलं काही चुकतंय का, असं. त्याने हेडफोन हलकेच काढले, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तिला ओठ दिसतील असं सावकाश सांगितलं, की ती हुशार आहे, फक्त तिचे कान आजारी आहेत आणि ते बरे करता येतात. मी औषधांच्या कपाटाकडे तोंड फिरवलं. डोळे पुसायला दुसरी जागा नव्हती.

त्याच संध्याकाळी त्याने मुलीच्या वडिलांना बोलावून मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं. जाताना फाटकापाशी तो थांबला. "पुढच्या सत्रात येईन," म्हणाला. आणखी काहीतरी बोलायचं होतं त्याला. मलाही होतं. पण शिपाईकाका कुलूप घेऊन उभे होते, आणि आम्ही दोघंही त्या कुलपाकडे बघत राहिलो.

त्यानंतरचे महिने कसे गेले विचारू नका. मुलीच्या कानांवर छोटं ऑपरेशन झालं. ती पहिल्या बाकावर आली, तिचं पोट दुखायचं थांबलं, आणि मला वाटायचं, हे त्याला कोण सांगेल? व्हरांड्यात कुणाचेही बूट वाजले की हातातला थर्मामीटर तसाच राहायचा. वहिनी एक स्थळ घेऊन आली, मी डोकं दुखतंय म्हटलं. आईने नुसतं बघितलं. तिला माझं डोकं चांगलं ओळखीचं आहे.

नवं सत्र सुरू झालं. मी स्वतः ब्लँकेटं धुऊन ठेवली. आणि दारात काळी पेटी घेऊन दुसराच माणूस उभा राहिला.

त्याच्याकडून कळलं ते ऐकून मी कॉटवर बसलेच. नियमाबाहेर मूल तपासल्याबद्दल कानवाल्या सरांवर चौकशी लागली होती. लपवता आलं असतं, पण त्याने अहवालात स्वतःच लिहिलं होतं, आणि वर असंही, की शाळेतल्या कुणाचा यात संबंध नाही. चौकशी चालू आहे तोवर मी त्या शाळेच्या आसपासही जाणार नाही, उगाच कुणाची तरी नोकरी धोक्यात येईल, असं तो या सहकाऱ्याला म्हणाला होता.

कुणाची तरी… एवढ्या मोघम शब्दात मी स्वतःला लगेच ओळखलं.

योगायोगाने त्याच महिन्यात विभागाने शाळांच्या आरोग्य धोरणावर बैठक बोलावली होती. सिक रूम ठेवाव्यात का, तपासण्या कशा कराव्यात, यावर शाळांच्या नर्सचं म्हणणं ऐकायचं होतं. मी मोठ्या बाईंकडे परवानगी मागितली. त्या म्हणाल्या, जा, पण नोकरी सांभाळून बोला. मी दाराशी पोचले तेव्हा म्हणाल्या, आणि नाही सांभाळता आली, तर मला आधी कळवा, मीही येते.

सभागृहात तो शेवटच्या रांगेत बसला होता. वाळला होता. आमची नजर भेटली आणि त्याने मान अगदी थोडी हलवली… नको. मला ती खूण कळली. इतके दिवस त्याच्या खुणांवरच तर काम केलं होतं. यावेळी मात्र ऐकलं नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी त्या मुलीची हकीकत सांगितली. मग म्हटलं, "सरांनी स्वतःहून तपासलं असं लिहिलंय. ते खरं नाही. मी सांगितलं म्हणून त्यांनी तपासलं."

अध्यक्षस्थानी बसलेल्या अधिकारीबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्हाला नियम ठाऊक नव्हता का?"

"ठाऊक होता. पण मला ती मुलगीही ठाऊक होती."

मी खाली बसले नाही. म्हटलं, मुलांना रोज बघणारी मी. कुणाला तपासायची गरज आहे हे मी सांगितलं तर ते नियमात बसायला हवं. मागून एका वयस्कर नर्सने टाळी वाजवली, मग दुसरीने.

मला लेखी ताकीद मिळाली. पण धोरणात एक ओळ बदलली: नर्सने सुचवलेलं कुठल्याही वर्गातलं मूल तपासलं जाईल. त्याची चौकशी मिटली. बदलीचा हुकूम मात्र आधीच निघाला होता, आणि तो रद्द झाला नाही. रेल्वेने रात्रभराच्या अंतरावरचं नवं केंद्र, निदान वर्षभर तरी. सोमवारी निघायचं होतं.

हे त्याने मला सभागृहाच्या जिन्यात सांगितलं. माणसं खाली उतरत होती, आम्ही कठड्याला टेकून उभे.

"तुम्ही बोलायला नको होतं," तो म्हणाला. "मी सगळं निभावून नेलं असतं."

"मला न विचारता."

"हो… तुम्हाला न विचारता."  मग म्हणाला, "मला आणखी एक विचारायचं होतं. फाटकापाशीच विचारणार होतो. पण आता मी निघालोय, आता विचारण्यात काय अर्थ?"

 मी म्हटलं, "उद्या घरी या. आईला भेटा, दादाला भेटा. मग जा कुठे जायचं ते."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"मी काय म्हणते, ते तुम्ही अजून विचारलंच नाही."

त्याने कठड्यावरचा हात हळूच माझ्या हाताशेजारी आणला. बोटाला बोट जेमतेम लागलं.

"तुम्ही काय म्हणता?"

"मी हो म्हणते," मी म्हटलं.

तो आला. आईने त्याला बसवून घेतलं, दादाने उलटसुलट प्रश्न विचारले, वहिनीने स्वयंपाकघरातून मला डोळा मारला. सोमवारी त्याची गाडी गेली. वर्ष फार लांबलं, खोटं कशाला सांगू. रविवारी फोन यायचा आणि शनिवारपासून माझं कशात लक्ष नसायचं. पण पूर्वी ज्याची वाट बघायचे, त्याचं नाव मनातसुद्धा घ्यायची चोरी होती. आता दादा कॅलेंडरसमोर उभा राहून खुशाल मोठ्याने विचारायचा, "काय गं, आमचे पाहुणे कधी येणार?"

आणि मी, सगळ्यांसमोर, न लाजता, तारीख सांगायचे.