बोटावरची गाठ

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, लावता पैज?

थापा मी जन्मभर मारल्या. माझा एक विद्यार्थी झाडाची भूमिका इतकी हुबेहूब करायचा की कावळे त्याच्या डोक्यावर काड्या आणून ठेवायचे, हेही मीच पसरवलं होतं.

पण हे खरं आहे.

भर दुपार होती. विद्यापीठाचा तालमीचा हॉल, चहूकडे काळे पडदे. मी मुलांना प्रायोगिक नाटक शिकवायचो. बायको आमचा कपडेपट सांभाळायची. माझ्या अंगावरच्या सदऱ्याला टाका घालताना उरलेला दोरा माझ्याच बोटाला गुंडाळून गाठ मारायची. "मास्तर, हलू नका. तुम्ही म्हणजे माझं रीळ."

त्या दिवशी ती दवाखान्यात होती. हात उचलत नव्हते, जीभ मात्र शाबूत. सकाळी मला म्हणाली, "तुमच्या नाटकातली माणसं मरायला अख्खा अंक घेतात. मी आपली चटकन जाईन. तुम्ही हात धरा, म्हणजे झालं."

मी हसलो. आणि वर्गावर गेलो.

त्या दिवशीचा खेळ असा. डोळे बांधायचे आणि नुसत्या हाताच्या स्पर्शावरून जोडीदार ओळखायचा. बोलायचं नाही. मुलांच्या जोड्या बरोबर जमत होत्या, म्हणून मी कोपऱ्यात एकटा. माझेही डोळे बांधलेले. उघड्या डोळ्यांचा मास्तर काय डोंबल शिकवणार?

पावलं घसटली. कुणीतरी खुदकन हसलं.

मग सगळं थांबलं...

पडदा हलेना. कुणाचा श्वासही ऐकू येईना.

आणि माझ्या हातात एक हात आला...

वाटलं, जोडी चुकलेलं एखादं पोर असेल.

मग अंगठा लागला. सुईने टोचून टोचून खरखरीत झालेला.

मी हूं की चूं केलं नाही. खेळाचा नियमच तसा.

माझ्या बोटाभोवती काहीतरी गुंडाळलं जात होतं... सावकाश... मग गाठ बसली.

तो हात मी घट्ट धरला. तिने सोडेपर्यंत सोडला नाही, शपथेवर सांगतो.

पट्टी काढली. मुलं पार पलीकडे, जोडीजोडीने उभी. माझ्यापुढे कुणीच नाही.

बोटाला पांढरा दोरा...

तेवढ्यात दवाखान्यातून निरोप आला.

इथे ऐकणारे नेहमी पुढे सरकतात. काल मात्र माझ्या मुलीने चहाचा ट्रे खाली ठेवला.

"बाबा, त्या दिवशी वर्ग नव्हताच. तुम्ही वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसला होता, डोळ्यांवर रुमाल धरून. मी आत बोलावत होते, तुम्ही उठला नाहीत. आईचा हात शेवटपर्यंत माझ्या हातात होता."

मी ते बोट चाचपलं.

ती माझ्या बोटाकडे बघत राहिली.

"दोरा मात्र होता," ती हळूच म्हणाली. "गाठ सुटेना. मीच कापला."