मनीचा मजकूर

जेवणाच्या सुट्टीत मनी दवाखान्याच्या मागच्या जिन्यात बसून चिकट टॉफी चघळत होती, आणि नेमका तेव्हाच एक अनोळखी माणूस जिना चढून वर आला.

दिवसभर लोकांच्या दातांवरचं किटण काढायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला 'चिकट गोड खाऊ नका' म्हणून दटावायचं, हा तिचा धंदा. आणि ती अशी रंगेहाथ सापडावी! त्यात टॉफी वरच्या दाढेला घट्ट बसलेली. गिळताही येईना, थुंकताही येईना.

"दातांचा दवाखाना इथेच ना?" त्याने विचारलं.

मनीने बोटाने वर दाखवलं.

"वरच्या मजल्यावर?"

मनीने मान हलवली.

"तुम्ही बोलत नाही का?"

"बोयते," मनी म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू फुटलं.

त्याने तिच्या पांढऱ्या कोटाकडे पाहिलं. खिशावर निळ्या दोऱ्याने काढलेली दाढ होती, खिशातून टॉफीचा चकचकीत कागद डोकावत होता. त्याच्या भुवया हळूच वर गेल्या.

"कुणाला सांगितलंत तर बघा हं!" टॉफी एकदाची सुटली होती. "दाखवायला आलात ना? मग तोंड माझ्यासमोरच उघडायचंय. विचार करा."

"दाखवायला नाही. लिहायला आलोय."

"दातांवर?"

"दातांबद्दल," तो म्हणाला, आणि एकेक पायरी सोडून वर गेला.

त्याचं असं झालं होतं. दाढ काढलेल्या पेशंटला दवाखान्यातून एक छापील कागद मिळायचा. त्यावर लिहिलं होतं, 'चोवीस तास मुखप्रक्षालन वर्ज्य.' एका गृहस्थाला त्यातलं अक्षर कळलं नाही. घरी जाऊन त्याने खळखळून चुळा भरल्या आणि रक्ताने माखलेला रुमाल तोंडाला लावून परत आला. तेव्हा मोठ्या डॉक्टरबाईंनी ठरवलं, सगळे कागद नव्याने लिहून घ्यायचे, कुणालाही कळतील असे. त्यासाठी हा माणूस बोलावला. कंपन्यांना, इस्पितळांना सोप्या भाषेत सूचना लिहून देणं हेच त्याचं काम. याआधी म्हणे तो पाण्याच्या मोटारींवर लिहीत होता.

काउंटरवरच्या काकूंनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'मजकूरवाले' ठेवलं. मनीने त्यातलं 'वाले' कापून टाकलं.

मनी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी तिच्या वस्तूला कुणी हात लावला की ती मांजरासारखी फिस्कारायची, म्हणून घरच्यांनी ठेवलेलं. दादाचं लग्न झालं तेव्हा 'माझा दादा पळवला' म्हणून ती वहिनीशी कितीतरी दिवस धड बोलली नव्हती. पुढे दोघींचं असं गूळपीठ जमलं की दादाच एकटा पडला. पण फिस्कारणं काही सुटलं नाही, आणि वहिनीच्या एका फोनने ते नाव दवाखान्यातही पोचलं.

मजकूर तिच्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसू लागला. लवंगेच्या तेलाचा वास, यंत्राची बारीक घरघर, दिव्याच्या झोतात उडणारे पाण्याचे तुषार... त्यात ती वाकून काम करायची आणि पेशंटशी बोलत राहायची.

"ताई, सफाईने दातांत फटी पडल्या की हो!" एक आजोबा कळवळून म्हणाले.

"पडल्या नाहीत आजोबा, होत्याच. किटणाने लिंपल्या होत्या. भिंतीवरचा पोपडा काढला की जुनी भेग दिसणारच. आता घासा नीट, म्हणजे हिरडी धरून राहील."

स्टुलावर पेन भराभरा चालायला लागलं. आजोबा गेल्यावर तो म्हणाला, "तुमचं बोलणं ऐकलं की तसंच्या तसं कागदावर उतरवावंसं वाटतं."

मनीचे कान तापले. तोंडावर मास्क होता म्हणून बरं.

मग रोजच काहीतरी निघायचं.

"ब्रश धरायचा कसा, हे एका वाक्यात सांगा."

"पेन धरता तसा. दातांशी कुस्ती खेळायची नाही."

"माझं पेन बघितलंय का? टोपण पार चावून टाकलंय."

"पहिल्याच दिवशी बघितलं. डाव्या बाजूने चावता."

"इतकं बारीक बघता?"

"मी दात बघते," मनी हात धुवत म्हणाली. "बाकीचं... आपोआप दिसतं."

सफाईनंतरच्या काळजीचा कागद छापून आला, तेव्हा त्यात पोपडा होता, भेग होती, कुस्तीही होती. वहिनीने तो वाचला आणि मनीकडे रोखून बघत म्हणाली, "अगं, हे तर तूच बोलतेयस. हा माणूस ऐकतो तरी किती लक्ष देऊन!" मनीने तो कागद कपाटात साड्यांच्या घडीत ठेवला.

सगळं कसं छान चाललं होतं. मग आला तारांच्या कागदाचा नंबर.

वाकडे दात तारा लावून सरळ करणारी डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायची. उंच, हसरी. तिचे स्वतःचे दात म्हणजे ओवलेली माळ. मनीचा एक सुळा किंचित पुढे होता, पण तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. आता आरशात पाहिलं की आधी तोच दिसायला लागला.

मजकूर त्या खोलीत बसू लागला. बसेना का! तारांबद्दल तारावालीलाच विचारणार ना? मनीने मनाची समजूत घातली आणि उपकरणांचा ट्रे आत ठेवायला म्हणून त्या दारावरून गेली. दार अर्धवट उघडं होतं. आतून त्याचा आवाज आला,

"तुमचं बोलणं ऐकलं की तसंच्या तसं कागदावर उतरवावंसं वाटतं."

तेच वाक्य. एका अक्षराचाही फरक नाही. आणि त्यापाठोपाठ तारावालीचं ते मोकळं, खळाळतं हसू.

मनीच्या हातातला ट्रे खणखणला. ती तशीच मागे फिरली. म्हणजे वाक्य ठरलेलंच आहे तर. खोलीखोलीतून वाटत फिरायचं. आणि आपण वेड्यासारखे साड्यांच्या घडीत कागद ठेवतोय!

दुसऱ्या दिवशी तो नेहमीप्रमाणे तिच्या दारात उभा राहिला.

"स्टूल दिसत नाही आज?"

"दुरुस्तीला दिलंय."

"स्टूल? त्याला काय झालं?"

"एक पाय इकडे, एक पाय तिकडे होत होता."

तो गोंधळून हसला. मनी हसली नाही. तिने हातमोजे इतके जोरात ओढले की एक फाटलाच.

मग तिने त्याचं जगणं मुश्कील केलं. दातांच्या फटींतून दोरा फिरवण्याचा कागद तपासायला आला, तो तिने लाल शाईने रंगवून परत पाठवला. 'हळुवार' वर काट. 'अलगद' वर काट. समासात लिहिलं, 'गोड शब्द कमी करावेत.' तो विचारायला आला तर म्हणाली, "पेशंट आहे." खुर्ची रिकामी होती.

एका संध्याकाळी पाऊस लागला. मनी छत्री शोधत खिडकीशी आली, तर खाली रस्त्यावर एकाच छत्रीत दोघं. छत्री त्याची. तारावाली काहीतरी सांगत होती, तो मान झुकवून ऐकत होता, अगदी लक्ष देऊन... आणि छत्री तिच्या बाजूला कलती. त्याचा एक खांदा भिजत होता. मनीला त्या भिजणाऱ्या खांद्याचासुद्धा राग आला.

"ती स्वतःचा मोठा दवाखाना काढतेय म्हणे," काकू मागून म्हणाल्या. "दुसऱ्या शहरात. मजकूरवाल्यांना चल म्हणालीय. तिथलं सगळं लिखाण त्यांच्याकडेच."

"जाऊ दे की," मनी म्हणाली. "इथे कुणाचं अडलंय!"

पण घरी ताट पुढे आलं तरी तिने हात लावला नाही.

"कोण गं ती?" वहिनीने विचारलं.

"कोण ती?"

"मनी, माझ्याशी भांडायचीस तेव्हा हेच तोंड असायचं तुझं."

मनीने ताट सरकवलं आणि रडू दाबत म्हणाली, "त्याने तिला तेच वाक्य म्हटलं गं. माझंच!"

"मग विचार की त्याला."

"मी? विचारू? मेले तरी नाही."

विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरबाईंना जाऊन सांगितलं की गोड खाण्याबद्दलचा कागद मीच लिहिते, त्यासाठी बाहेरच्या माणसाची गरज नाही. आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एका दमात लिहूनही काढला. हात सरसर चालला. लिहिताना फार बरं वाटलं.

सोमवारी सकाळी सगळे जमले. नवा कागद मोठ्या डॉक्टरबाई स्वतः मोठ्याने वाचायच्या, ऐकून कळतो का हे बघायला. त्यांनी चष्मा लावला.

"'गोडाचं काही खरं नसतं. ते आज तुमच्या तोंडात, उद्या दुसऱ्याच्या. आधी जिभेला बरं वाटतं. आपल्यासाठीच केलंय असं वाटतं. पण ते सगळ्यांनाच सारखं चिकटतं. आणि वरून कितीही गुळगुळीत दिसलं तरी आतून पोखरतं. तेव्हा वेळीच...'" डॉक्टरबाई थांबल्या. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "हे साखरेबद्दलच आहे ना?"

काकू पदरात तोंड खुपसून हसल्या. मग सगळेच हसले. तारावालीने मनीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि तिचं हसू अर्ध्यावरच थांबलं. मनीला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. लिहिताना ज्या वाक्यांनी गार वाटलं होतं, तीच आता सगळ्यांसमोर तिला उघडी पाडत होती.

एकटा तो हसला नाही. त्याने हात पुढे करून कागद घेतला, पुन्हा एकदा वाचला.

"मजकूर उत्तम आहे," तो सावकाश म्हणाला. "एकाच ठिकाणी चूक आहे. ती मी... लिहिणाऱ्यांशी बोलून दुरुस्त करतो."

मनी उठून तडक आपल्या खोलीत गेली. मागोमाग तारावाली आली. दाराला टेकून उभी राहिली.

"मी त्यांना माझ्याकडे या म्हणून विचारलं होतं," ती म्हणाली. "मागच्याच आठवड्यात नाही म्हणाले. लिखाण इथूनच पाठवीन म्हणाले. कारण विचारलं तर सांगेनात. आज कळलं." तिने एक सुस्कारा टाकून हसल्यासारखं केलं. "मला कुणी इतकं रागावून लिहिलेलं नाही अजून."

ती गेली. मनीला हायसं वाटायला हवं होतं. पण पहिला विचार आला तो हाच की हेसुद्धा तिलाच आधी कळलं!

दुपारी शेवटचा पेशंट आत आला, आणि तो तोच होता.

"हिरडीतून रक्त येतं," खुर्चीत बसत तो म्हणाला. "बरेच दिवस झाले. काकूंनी वेळ दिलीय."

तिने त्याच्या गळ्याशी टॉवेल बांधला, दिवा ओढला, खुर्ची मागे कलवली. सवयीने तोंडातून निघालं, "दुखलं तर डावा हात वर करा. मध्ये बोलायचं नाही."

तिने काम सुरू केलं. आतल्या बाजूला, खालच्या दातांमागे, चांगलंच किटण होतं. डोळे मात्र तो मिटेना. थेट तिच्याकडे बघत होता.

"ऐकलं मी," यंत्राच्या घरघरीत ती एकदम म्हणाली. "तिला म्हणालात ते. मला म्हटलं होतंत तेच. तसंच्या तसं."

त्याने डावा हात वर केला.

"दुखतंय?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"मग हात खाली. बोलू नका, लागेल. मला आधी बोलू द्या." तिचा हात स्थिर होता, आवाज नव्हता. "मी जळकी आहे. लहानपणापासून. जे माझं आहे ते वाटून घेता येत नाही मला. आणि तुम्ही माझे नाहीच, तरी... छत्री तिच्याकडे कलली तर मला झोप येत नाही. आता हसा."

तिने नळी काढली, यंत्र बंद केलं.

तो हसला नाही. "ते वाक्य धंद्याचं आहे," तो म्हणाला. "लोक बोलायला बुजतात, म्हणून मी सगळ्यांनाच म्हणतो. मोटारीच्या कारखान्यातल्या साहेबांनाही म्हटलंय. तुम्हालाही पहिल्या दिवशी धंद्यापायीच म्हटलं."

मनीचा चेहरा पडला.

"पण त्या दिवशी घरी गेलो," तो म्हणाला, "आणि चहा करताना तुमचा तो पोपडा आठवून एकटाच हसत होतो. साहेबांचं बोलणं मला घरी कधी आठवलं नाही. तारांच्या डॉक्टरबाईंचंही नाही. तुमचं रोज आठवतं. आता तर कामाचं काही लिहायला बसलो तरी तुमच्याच आवाजात सुचतं. म्हणून म्हटलं, तुमच्या कागदात चूक आहे. ते गोड... दुसऱ्याच्या तोंडात गेलेलं नाही."

मनीने मास्क खाली ओढला. पुढे आलेला सुळा आता लपवावासा वाटला नाही.

"आणि पुन्हा कुणाला म्हणालात ते वाक्य तर?"

"दुसरं शोधतो. तुम्हीच लिहून द्या."

"देईन. पण आधी मला वाचून दाखवायचं, कुणाला म्हणायच्या आधी. आणि कुणाला म्हणायचंय तेही सांगायचं."

"मान्य."

"छत्री?"

"मधोमध. नाहीतर तुमच्याकडे."

तिने पेल्यात पाणी भरलं, तो त्याच्या हातात दिला आणि दुसरीकडे बघत म्हणाली, "चूळ भर."

तो पेला हातात धरून तसाच बसला. दिवसभर त्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला, म्हाताऱ्याला, पोराला, ती 'चूळ भरा' म्हणायची, हे त्याने स्टुलावर बसून इतक्यांदा ऐकलं होतं.

"काना राहिला," तो हळूच म्हणाला.

"राहू दे," मनी म्हणाली.