निळी दाढ

दार उघडलं तर समोर एक अनोळखी माणूस, हातात काड्यापेटीएवढी डबी. ना नमस्कार, ना ओळख. त्याने डबी उघडून माझ्यापुढे धरली. आत कापसावर एक दाढ होती... निळीशार.

"ही बहुतेक तुमची आहे," तो म्हणाला.

मी जिभेने माझ्या दाढा चाचपून पाहिल्या. सगळ्या जागेवर होत्या.

मग उलगडा झाला. तो दातांच्या डॉक्टरांना चिनी मातीचे दात करून देतो, मी चिनी मातीची भांडी करते. दोघांचाही माल एकाच दुकानातून येतो. त्याची दातांची भुकटी भाजण्याआधी गुलाबी दिसते आणि माझा निळा रंगही कच्चा असताना गुलाबीच असतो. दुकानदाराने पुड्यांची अदलाबदल केली होती. त्याच्या भट्टीतून निळी दाढ निघाली आणि माझा इराणी निळाईचा वाडगा निघाला फिकट, पिवळसर.

"म्हणजे माझ्या वाडग्यात तुमचे दात आहेत," मी म्हणाले.

"बत्तिशी तरी असेल. जपून खा."

तो हसला. त्याचे स्वतःचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले होते आणि ते लपवायचं त्याच्या मनातही नव्हतं. मी तिथेच त्याच्यावर भाळले, उगाच आढेवेढे कशाला घ्यायचे?

वाडगा बघायला म्हणून तो आत आला आणि फळ्यांपुढेच रेंगाळला. जपानी पद्धतीचे ओबडधोबड काळे पेले, मोरोक्कोच्या नक्षीच्या थाळ्या, मेक्सिकोचे गुबगुबीत पक्षी. संग्रहालयं पालथी घालून, पुस्तकं चाळून मी हे सगळं शिकले होते. कुठलाही देश आवडला की तो माझ्या अंगातच यायचा. जपानच्या दिवसांत मी राखाडी कपडे घालून मोजकं बोलायचे, मोरोक्कोच्या दिवसांत घराची दारंही रंगवून काढली. ताई फोनवर आधी तेवढंच विचारायची, "आज कुठल्या देशात आहेस?"

पुरुषांच्या बाबतीतही माझं तेच होतं. गिर्यारोहक भेटला तेव्हा उंचीला घाबरणारी मी कडे चढले. बुद्धिबळवाला भेटला तेव्हा स्वप्नातही घोडे हलवले. माणूस निघून जायचा, त्याचा दोर नाहीतर पट घरात राहायचा, आणि त्या पसाऱ्यात मी मात्र कुठे सापडायचे नाही. म्हणून या वेळी मला खरंच भीती वाटत होती.

तो संध्याकाळी येऊ लागला. काही ना काही निमित्त असायचंच. एकदा खिशातून दातांच्या रंगांची पट्टी काढून म्हणाला, "खिडकीकडे वळ. हस जरा."

"कशाला?"

"रंग बघतोय."

पट्टी माझ्या ओठांजवळ होती, तो श्वास रोखून बघत होता... जरुरीपेक्षा जास्तच वेळ. कुठला रंग निघाला, असं मी विचारलं, तर ते धंद्याचं गुपित आहे म्हणाला. त्या दिवशी चाकावर माझा एकही पेला सरळ झाला नाही.

मग एका रविवारी ताई आली. पिशवी ठेवता ठेवता तिची नजर फळीवर गेली आणि तिथेच थांबली. नवी भांडी झाडून सगळी पांढरी होती. पातळ, गुळगुळीत, चकचकीत.

"या वेळी देश विचारतच नाही," ती म्हणाली. "तू दवाखान्यात आहेस."

मी त्याच्यासारखी बिनसाखरेची कॉफी पिऊ लागले होते, हेही तेव्हाच ध्यानात आलं. त्याला काय ते सांगून मोकळी हो, एवढंच बोलून ताई गेली.

संध्याकाळी तो आला, पांढरा पेला उचलून वळवून पाहिला आणि फारच सुरेख झालाय म्हणाला. खरी पंचाईत तीच होती. गप्प राहिले असते तर आमचं छान जमलं असतं आणि सगळा जन्म पांढऱ्यात गेला असता.

"मला पांढरा रंग आवडत नाही," मी म्हणाले.

त्याने पेला हातात पुन्हा एकदा वळवला.

"कॉफीत मला दोन चमचे साखर लागते. आणि..."

"आणि?"

"आणि मला तू आवडतोस. तेवढं माझं आहे. बाकी सगळं मी तुझ्याकडून उचललंय."

त्याने पेला सावकाश खाली ठेवला. "मी दिवसभर नक्कलच करतो गं," तो म्हणाला. "पण शेजारचा दात खरा असला तरच माझा जमतो. तुला कुठला रंग आवडतो?"

इतकी वर्षं रंगांत हात घालून मला ते सांगता येईना. मी फळीवरून एक जुना, रंग न चढवलेला पेला घेतला. आकार जपानी होता, काठावर मी मोरोक्कोची वेल कोरली होती. त्याला रंग कुठला द्यायचा, हे मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

"पिवळा," मी म्हणाले. "चांगला गडद."

"पिवळा? अगं, पिवळ्याशी भांडण्यात माझं आयुष्य चाललंय."

"मग भांड."

मी बादलीत रंग कालवायला घेतला. त्याला तो अजिबात आवडला नाही, तसं त्याने तोंडावर सांगितलंही... आणि बाह्या सरसावून, बादली धरायला तो माझ्याशेजारी बसला.