वखारीतली वीस मिनिटं

पावशेर हळद घ्यायला म्हणून संयोगिता सांगलीतल्या त्या वखारीत शिरली आणि तिथेच अडकली. मावळतीचं ऊन झरोक्यातून हळदीच्या ढिगांवर पडलं होतं, अंधारी वखार आतून पिवळी झाली होती, आणि त्या उजेडात वखारीचा तरुण मालक आर्जव तराजूशी बसला होता.

"तुमचं चित्र काढू?" तिने विचारलं. ओळख ना पाळख!

"आमचं? आवं मॅडम, हळदीचं काढा की... ती दिसायला बरी हाय."

"तिला लाजता येत नाही," संयोगिता म्हणाली.

आर्जव बसला. चांगला आठ दिवस बसला. तो उजेड रोज जेमतेम वीस मिनिटं टिकायचा, दिवस बुडेपर्यंत. संयोगिता मूळची वडूजची, कॉलेजात चित्रकला शिकवणारी, कामाला भलती चोख. पण आर्जवच्या चेहऱ्याशी आली की ब्रश रेंगाळायचा. रविवारी साताऱ्याला प्रदर्शन होतं. शनिवार उजाडला तरी चेहरा तेवढा राहिलेलाच.

त्या दिवशी उन्हं कलताना हळद निवडणाऱ्या सुलाबाईने तिला दारातच गाठलं.

"बाई, मालक जैन हायेत. दिवस बुडल्यावर घास घेत न्हाईत. तुमच्यापायी आठ दिस उपाशी झोपत्यात."

"पण ते तर म्हणाले, जेवूनच बसतो!"

"म्हणनारच की..."

संयोगिताला स्वतःचा राग आला. आणि खोटं कशाला सांगा, आनंदही झाला. ती तशीच माघारी फिरली आणि कोपऱ्यावरच्या जैन खानावळीतून डबा घेऊन आली. तोवर वखारीत उजेड उतरला होता, आठ दिवसांतला सगळ्यात सुरेख. तिने ब्रशला हातही लावला नाही. डबा उघडला.

"जेवा."

"आवं, पण चित्र? उद्या परदर्शन—"

"जाऊ दे. आधी जेवा. खोटारडे कुठले!"

तो जेवला. कान लालबुंद झाले होते. उजेड त्याच्या कपाळावरून हनुवटीवर आला आणि गेला. ती नुसती बघत राहिली.

"चेहरा राहिलाच की, मॅडम."

"बुधवारीच झाला होता... मीच पुसला." संयोगिताने मान खाली घातली. "पुरा झाला असता, तर गुरुवारी काय म्हणून आले असते?"

आर्जवने सावकाश हात धुतले, पुसले.

"परवा जेवायला या. घरी. पोरगं कुणापायी उपाशी झोपतंय... आई इचारतीया."