काचेवरची मोकळी जागा

खोटं वाटत असेल तर वाचू नका. मला कोणाला पटवायचं नाहीये. पण हे माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. आणि तेही रात्री-बेरात्री नाही. भर दुपारच्या लख्ख उन्हात.

घरात आम्ही दोघंच. मी आणि माझी मोठी बहीण. ताई दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते, मी झेरॉक्स मशीन दुरुस्त करत शहरभर हिंडतो. सकाळी कुलूप लावून निघतो ते थेट संध्याकाळी परत.

ताई नवऱ्याला सोडून माझ्याकडे आली. तो हात उचलायचा. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मी बोलणार. नालायक होता. इथेही दारात येऊन शिव्या द्यायचा. मी त्याला कधी आत येऊ दिलं नाही. मागच्या वर्षी झोपेतच गेला. एवढं सोपं मरण त्याला कसं मिळालं, कोण जाणे.

त्यानंतर मी ताईसाठी फिश टँक आणला. हॉलमध्ये, खिडकीसमोरच्या भिंतीला ठेवला. त्यात गप्पी मासे सोडले.

"हा लाल बघ, तुझ्यासारखाच चिडका आहे," ताई म्हणाली आणि हसली. किती वर्षांनी हसली होती ती!

मग शेवाळ आलं.

काच घासावी, की आठवड्यात पुन्हा हिरवीगार. माशांचं खाणं कमी केलं. लाईट कमी केला. पाणी बदलून बदलून पाठ धरली. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणल्या, तर त्या ढिम्म एका जागी बसून.

एकदा कामाच्या गडबडीत काच घासायची राहिली. समोरची सगळी काच हिरवी झाली...

मधली एक जागा सोडून.

तिथे काच अगदी स्वच्छ होती.

मी टँकवाल्याला घरी बोलावलं. माणूस तोंडाचा फटकळ.

"अहो, खिडकीतून थेट ऊन येतंय! मग शेवाळ नाही तर काय गुलाब फुलणार? जाड पडदा लावा. आणि समोर बसणाऱ्याला सांगा, मधून उठ म्हणावं."

"कोण बसतं समोर?"

"मला काय विचारता? सावली आहे ही. ऊन अडतं तिथे शेवाळ धरत नाही. रोज दुपारभर कोणीतरी इथे बसतंय."

"दुपारी घराला कुलूप असतं."

तो वाकून काच बघू लागला. "ऊन सरकतं तशी सावली सरकते. मग कडा पुसट व्हायला हव्यात. या तर कात्रीने कापल्यासारख्या आहेत. म्हणजे तो माणूस उन्हाबरोबर सरकत..."

त्याने चपला पायात सरकवल्या आणि निघाला.

मी मागे सरून नीट पाहिलं. डोकं. मान. आणि उतरलेला डावा खांदा...

मेहुणा गाडीवरून पडल्यापासून त्याचा खांदा तसाच होता.

मी रागाने काच खरवडून काढली. टँकसमोर ताईची खुर्ची असायची, ती आतल्या खोलीत नेऊन टाकली. ताईला चकार शब्द बोललो नाही.

शेवाळ पुन्हा धरलं.

या वेळी तो उभा होता. उजवा हात वर.

उगारलेला.

शेवाळ धरायला दिवस लागतात हो. म्हणजे इतके दिवस, रोज दुपारभर, तो हात तसाच वर धरून उभा होता.

ताई मागे येऊन कधी थांबली, मला कळलंच नाही.

"बाळ्या," ती हळूच म्हणाली, "असाच उभा राहायचा रे तो. लगेच मारायचा नाही. हात वर धरून नुसता थांबायचा."



दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. ताईला कामावर धाडलं आणि टँकजवळ, ऊन अडणार नाही असं बाजूला ठाण मांडलं.

दुपारी ऊन काचेवर आलं. आणि बुडबुडे थांबले... मोटर घुरघुरत होती, पण पाण्यात एकही बुडबुडा नव्हता. सगळे गप्पी तळाशी, एका कोपऱ्यात गोळा झाले.

आतल्या खोलीत ती खुर्ची करकरली. कोणीतरी उठल्यासारखी.

मग काचेवरचं ऊन मधोमध विझलं. काच आणि खिडकी यांच्यामध्ये कोणी नव्हतं. मागे वळून वळून पाहिलं. हॉल रिकामा होता.

"हिंमत असेल तर समोर ये!" मी ओरडलो. पुढे ज्या शिव्या दिल्या, त्या इथे लिहिता येणार नाहीत.

सावली हललीसुद्धा नाही.

त्याच संध्याकाळी जाड पडदा आणून ठोकला. ऊन बंद. टँकवाल्याचं खरं निघालं, शेवाळ गेलं. काच आरशासारखी झाली. तो गेला असं धरून ताई पुन्हा टँकसमोर बसायला लागली, माशांशी बोलायला लागली.

आणि तिला तिथे बसलेलं बघता बघता माझ्या लक्षात आलं.

शेवाळ होतं तोवर तो कुठे उभा आहे हे कळत तरी होतं.

मी पडदा ओरबाडून काढला. लाईट दिवसभर चालू ठेवला. खाणं दुप्पट टाकलं. जग शेवाळ घालवायला धडपडतं, मी ते वाढवायला लागलो. ताई मला वेड्यात काढत होती.

काल काच पूर्ण भरली. या टोकापासून त्या टोकापर्यंत गच्च हिरवी.

कुठेही मोकळी जागा नाही. बोटाएवढीसुद्धा नाही.

म्हणजे आम्ही बाहेर पडतो, तेव्हा तो आता घरात थांबत नाही.

ताईला हे सांगितलेलं नाही. आज सकाळी तिला दवाखान्यापर्यंत सोडायला गेलो. "मी काय लहान आहे का रे?" म्हणून ती वैतागली. हात हलवून दवाखान्याकडे वळली.

ऊन छान पडलं होतं. तिची सावली तिच्या मागोमाग पायऱ्या चढली.

डावा खांदा उतरलेली.