बुटक्या राजाचा हात

'पाताळगल्ली' या खेळात बुटक्या राजाचा डाव आला की कस्तुरी डोळे मिटून घ्यायची. पडद्यावर लाव्हाच्या नदीवरचा पूल धगधगत असायचा, पलीकडे दहा खवीस दात विचकत उभे असायचे, आणि तिच्या तळव्याखालचा गोळा आपोआप हलू लागायचा. आधी दोनदा थरथर. मग एक लांब, उजवीकडे झुकलेला झोत. खवीस धडाधड कोसळायचे.

"आई, बाबांनी सगळे पाडले!"

"पाडणारच," स्वयंपाकघरातून नीरजा म्हणायची. "तुझे बाबा ऐकतात होय कुणाला?"

खेळ तसा घरोघरी माहीत होता. लाकडी गल्लीतून जड चेंडू घरंगळत सोडून दहा बाहुल्या पाडायच्या, त्या बोलिंगचं हे भुताखेतांचं रूप. आधी तो मॉलमधल्या कपाटाएवढ्या यंत्रांवर होता, मग घरी आला, आता मोबाइलवरही आला होता. त्याची खरी जादू होती 'हातवळणा'त. चेंडू सोडताना माणूस कुठे थबकतो, मनगट किती वळवतो, बोटं कधी सैल सोडतो, हे सगळं मॉलमधलं यंत्र टिपून ठेवायचं. अक्षराला जसं वळण असतं तसं हातालाही असतं. दोघांचं सारखं कधी नसतं. आणि टिपलेलं वळण पुन्हा जिवंत करता यायचं. प्रतिस्पर्ध्याचा डाव आला की तळव्याखालचा गोळा त्याच्या हातासारखा फिरायचा. मोबाइलवर तीच हालचाल थरथरीतून बोटांना कळायची.

घरचा खेळ बनवताना कंपनीनं मॉलमधल्या यंत्रांवरचे उत्तम हात निवडून एकेका पात्राला देऊन टाकले. कुठला हात कुणाचा, हे मात्र जपून ठेवलं नाही. कराडच्या मॉलमध्ये नीरजाचा नवरा हेरंब दर रविवारी खेळायचा आणि पोटुशी नीरजा शेजारी पॉपकॉर्न धरून उभी राहायची. चेंडू सोडण्याआधी त्याचं मनगट दोनदा थरथरायचं. "स्टाइल आहे आपली," तो म्हणायचा. ती स्टाइल नव्हती, नसांच्या आजाराची सुरुवात होती, हे कळेपर्यंत उशीर झाला. कस्तुरी रांगायला लागली आणि तो गेला.

पुढे करमणूक म्हणून नीरजानं हा खेळ घरी आणला. राजाच्या पहिल्याच डावाला तिचा तळवा गोळ्यावर होता. दोनदा थरथर. गॅसवरचं दूध उतू गेलं, तरी ती उठली नाही. मग तिनं लेकीचा हात धरून गोळ्यावर ठेवला. "हा बघ, बाबांचा हात."

आणि कस्तुरी पाच वर्षांची असताना एका सकाळी तिनं दुधाचा पेला उचलला. उचलण्याआधी तिचं मनगट दोनदा थरथरलं.

नीरजा तिला घेऊन तडक पुण्याला गेली.

पुण्याच्या डॉक्टर यास्मिन मुजावर मेंदू आणि हालचाल यांचा अभ्यास करणाऱ्या. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या, कस्तुरीला नर्ससोबत बाहेर खेळायला पाठवलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"नीरजाताई, आधी पाणी प्या. मुलीच्या नसा ठणठणीत आहेत. वडिलांचा आजार तिला नाही."

"मग थरथरतं ते?"

"सवय आहे ती. पाताळगल्ली खेळते ना?"

नीरजानं मान हलवली.

"तुम्ही मुलांना अक्षर हात धरून गिरवायला लावता की नाही? आपला हात हलतो, तसा त्यांचा हलतो, आणि मेंदू ती वाट पाठ करतो. हा गोळा तेच करतोय. त्या राजाचा हात ज्या कुणाचा आहे, त्याला कंप होता. आणि या वयात हात म्हणजे ओली माती. माझ्याकडे सारखी अशीच मुलं येताहेत. आईबाप रडकुंडीला आलेले."

"आणि मोठ्यांना?"

"मोठ्यांचा हात पक्का झालेला असतो. रोज तासन्‌तास बसलं तर चढेलही, पण एवढं कोण बसतंय!" डॉक्टर हसल्या.

नीरजा हसली नाही. "आमच्या घरातला खेळ बंद केला तर?"

"कस्तुरीची सवय काही महिन्यांत सुटेल. पण बाकीच्यांचं काय? मोबाइल समोर धरल्याशिवाय घास गिळत नाहीत पोरं. राजाचं वळण पुसायला हवं. कायद्यानं ते त्याच्या घरच्या माणसाच्या सांगण्यावरूनच पुसता येतं, आणि हा राजा कोण हेच कंपनीला ठाऊक नाही. आम्ही टीव्हीवरून आवाहन केलं. कुणीच पुढे येत नाही."

"त्याचं दुसरं काही उरलं नसेल त्यांच्याकडे," नीरजा म्हणाली.

"असेलही तसं. पण ताई, एकेका आईला मी रोज पाणी पाजतेय."

नीरजा बाहेर आली. बाकावर कस्तुरीशेजारी एक अनोळखी मुलगा बसला होता. त्याची आई त्याच्या हातात बिस्किट देत होती. मुलानं हात पुढे केला. मनगट दोनदा थरथरलं, आणि त्या बाईनं घाबरून तोंडावर पदर दाबला.

"आई," कस्तुरी आनंदानं ओरडली, "याच्या हातात पण बाबा आहेत!"

नीरजा त्या मुलाजवळ गेली. तो चिमुकला पंजा दोन्ही हातांत धरून ठेवावा, असं तिला वाटलं. मग ती वळली, पुन्हा आत गेली आणि नवऱ्याचं नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून राजाचा गोळा गुळगुळीत फिरू लागला, कुणाचाच हात नसल्यासारखा. कस्तुरीनं पुन्हा पुन्हा तळवा टेकवून पाहिला.

"आई, बाबा कुठे गेले?"

लेकीचा बाप तिच्यासाठी आत्ता मेला, हे नीरजाला तेव्हा कळलं. मनात म्हणाली, निदान पोरीचा हात तरी पोरीचा होईल.

झालाही. दिवाळीपर्यंत पेला स्थिर उचलला जाऊ लागला. डॉक्टर फोनवर लहान मुलीसारख्या खूश झाल्या. बाकीची मुलंही सुधारत होती.

सुट्टी संपत आली तेव्हा एका दुपारी कस्तुरी पाटी घेऊन आली. "'ळ' जमतच नाही गं. एक डोळा मोठा होतो."

"ये, हात धरून गिरवू."

नीरजानं तिला मांडीत घेतलं आणि पेन्सिल धरलेल्या इवल्या मुठीवर आपला हात ठेवला. पेन्सिल पाटीला टेकण्याआधी नीरजाचं मनगट दोनदा थरथरलं.

राजाचं वळण पुसलं जाण्याआधी, लेक झोपल्यावर, कितीतरी रात्री ती एकटी त्या गोळ्यावर तळवा टेकून बसलेली होती.

 कस्तुरीनं मागे वळून पाहिलं नाही. हळूच डोळे मिटून घेतले.

हात काढून घ्यायला हवा होता. नीरजाला ते कळत होतं. 'ळ' पुरा झाला, दोन्ही डोळे सारखे आले.

"अजून एक," डोळे न उघडता कस्तुरी म्हणाली.

नीरजानं पाटी पुसली, आणि हात पुन्हा त्या मुठीवर ठेवला.